‘पानी’ आणि ‘करण्यात येईल’

मराठीत कुणाची चूक कुणाला खटकते याचा शोध घ्यायचा, तर सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांइतका सोयीचा मुलूख दुसरा नाही. 1949 मध्ये जुन्या साताऱ्यातून दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली झालं. जिल्हे दोन झाले तरी बोलण्याची ठेवण फारशी बदलली नाही. उत्तरेला नीरा ओलांडली की पुण्याची प्रमाण मराठी सुरू होते आणि दुसऱ्या टोकाला जत तालुक्यात घराघरांतून कन्नड ऐकू येतं. मधल्या पट्ट्यात माणदेश आहे, कृष्णाकाठ आहे, वारणेचं खोरं आहे. मराठी विश्वकोशाचं काम वाईतून चाललं. खटाव तालुक्यातलं कटगुण हे जोतीराव फुल्यांच्या पूर्वजांचं गाव, कऱ्हाडजवळचं टेंभू हे आगरकरांचं, वाळवा तालुक्यातलं वाटेगाव अण्णा भाऊ साठ्यांचं. शुद्ध मराठी म्हणजे काय, या भांडणात उभे राहतील असे सगळ्या बाजूंचे लोक इथल्याच मातीतले आहेत.

आपण ज्याला सरसकट ‘चुकीचं मराठी’ म्हणतो, त्यात अगदी वेगवेगळ्या जातीच्या गोष्टी मिसळलेल्या असतात. कधी ते दुसरं व्याकरण असतं, म्हणजे एखादा समाज पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक नियमानं बोलत आलेला असतो आणि तो नियम पुस्तकातला नसतो. कधी लेखनाचा संकेत मोडलेला असतो: वेलांटी पहिली की दुसरी, अनुस्वार हवा की नको. आणि कधी वाक्यच धड बांधलेलं नसतं, वाचणाऱ्याच्या हाती काही लागतच नाही. नुकसानीच्या हिशेबानं पाहिलं तर हा शेवटचा प्रकार सर्वांत घातक आहे, संकेतभंगानं थोडंफार अडतं आणि बोलीनं जवळजवळ काहीच अडत नाही. आपली चीड मात्र नेमकी उलट्या क्रमानं उफाळते. बोली ऐकली की हसू किंवा राग, वेलांटी चुकली की लाल शाई, आणि अर्थशून्य वाक्य समोर आलं की आपण मुकाट्यानं खाली सही करतो. हा क्रम अपघातानं उलटा झालेला नाही, असं माझं म्हणणं आहे.

आधी ज्या बोलण्यावर सर्वांत जास्त हसलं जातं ते पाहू. सातारा-सांगलीच्या खेड्यापाड्यांत वीसचा ईस होतो, विंचवाचा इंचू, विचाराचा इचार, वेळेची येळ, वेड्याचा येडा. ऐकणाऱ्याला वाटतं की यांना ‘व’ म्हणताच येत नाही. पण वाट ही वाटच राहते, वारा हा वाराच, आणि वडिलांना कुणी ‘अडील’ म्हणत नाही. शब्दाच्या सुरुवातीचा ‘व’ फक्त ‘इ’ आणि ‘ए’ या स्वरांपुढे गळतो, इतर स्वरांपुढे ठाम उभा असतो. उरलेल्या ‘ए’ला ‘य’चा टेकू मिळतो, आणि तो तर पुण्यातल्या अस्सल प्रमाणभाषकाच्या तोंडीही ‘एक’ म्हणताना असतोच. लिहितो एक, म्हणतो येक. ज्या बोलण्याला आपण गचाळ म्हणतो त्यात असा काटेकोर नियम आहे, आणि तो शाळेचं तोंड न पाहिलेली म्हातारीही मोडत नाही. ‘पानी’, ‘लोनी’, ‘कोन’ यांचंही तेच. ‘ण’च्या जागी ‘न’ येणं हा आळस असेल, तर कोट्यवधी हिंदीभाषक आळशी ठरतील. पण हिंदी चित्रपटातला नायक ‘पानी’ मागतो तेव्हा आपल्या कानाला काही टोचत नाही. तोच उच्चार तासगावच्या द्राक्षबागेतल्या मजुरानं केला की टोचतो. ध्वनी एकच असताना टोचणी बदलते, तेव्हा ती ध्वनीची नाही हे उघड आहे.

उच्चाराकडून रूपांकडे आलं की मामला जास्त रंगतदार होतो. सांगली-मिरजेकडे आणि त्याच्या दक्षिणेला कोल्हापुरात बायकासुद्धा ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे व्याकरणाच्या मुळावरच घाव घातल्यासारखं वाटतं, कारण मराठीचं क्रियापद लिंग सांभाळतं असं तो शिकलेला असतो. पण तेच क्रियापद ‘आम्ही आलो’ मध्ये लिंग सोडून देतं, ‘मी जाईन’ मध्ये सोडून देतं, आणि सदाशिव पेठेतल्या बायकाही ‘आम्ही आलो’ म्हणताना अडखळत नाहीत. बोलणारी व्यक्ती समोर उभी असताना ती स्त्री की पुरुष हे क्रियापदानं पुन्हा सांगण्याची गरज नसते. प्रमाण मराठीनं ही गरज अनेकवचनात आणि भविष्यकाळात सोडली, दक्षिण महाराष्ट्रानं ती एकवचनातही सोडली. शेजारच्या कन्नडमध्ये प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंग नसतं. शतकानुशतकांच्या शेजारानं घडवलेली ही वाट आहे.

त्याच पट्ट्यात, विशेषतः सीमेलगत, ‘मी काम केलो’, ‘मी भात खाल्लो’ अशी वाक्यं ऐकू येतात. प्रमाण मराठीत सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्माच्या मागे जातं: मी काम केलं, मी भाकरी खाल्ली. इथे ते कर्त्याच्या मागे जातं, पुन्हा कन्नडसारखं. आता कुणीही म्हणेल की ही तर सरळ चूक. पण मग ‘मी मराठी शिकलो’चं काय? ‘मी चहा प्यायलो’, ‘मी तुझं नाव विसरलो’ यांचं काय? ही सगळी सकर्मक क्रियापदं आहेत, त्यांची कर्मं समोर आहेत आणि तरीही ती बिनदिक्कत कर्त्याच्या मागे गेली आहेत. व्याकरणाची पुस्तकं अशा धातूंची अपवाद म्हणून यादी देतात आणि पुढे सरकतात. प्रमाणभाषेत जो अपवाद आहे तो सीमाभागात नियम झाला, इतकंच घडलं आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं मराठीच्या बोलींचं जे नवं सर्वेक्षण केलं, त्याचं महत्त्व हेच की अशी रूपं तिथं चुकांच्या खात्यात न टाकता कोणतं रूप कुठवर पसरलं आहे याच्या नोंदी म्हणून पाहिली गेली.

मग हसू येतं कशाचं? या प्रश्नाचं एक जुनं उत्तर आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात आहे. फुल्यांची ‘गुलामगिरी’ 1873 साली आली. पुढच्या वर्षी विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली आणि तिच्यात फुल्यांचा जो समाचार घेतला त्यात त्यांच्या व्याकरणाची, भाषेच्या ओबडधोबडपणाची यथेच्छ टिंगल होती. चिपळूणकर मूळ मुद्द्यांना अजिबात भिडलेच नाहीत असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण वाचकांच्या मनात ठसली ती टिंगल, आणि तिचं काम असं की ज्याला विभक्ती सांभाळता येत नाही त्याचा इतिहास कशाला ऐकायचा, हा निष्कर्ष न मांडताच पोहोचला. शेतसारा, कर्ज, शाळेपासून तुटलेली मुलं, हे फुल्यांचे विषय होते. त्यातलं एकही वाक्य असं नव्हतं की ज्याचा अर्थ शेतकऱ्याला कळू नये. गंमत म्हणजे चिपळूणकरांच्या स्वतःच्या डौलदार गद्यामागे जॉन्सन आणि मेकॉले उभे होते. मराठी वाक्याला इंग्रजी वळण लावणारा माणूस शुद्धतेचा कैवारी ठरला आणि गावच्या वळणानं लिहिणारा भ्रष्ट. दोघांच्या मराठीत परक्याचा अंश कुणाच्या जास्त, हे कुणी मोजायला बसलं नाही. शुद्धतेची तक्रार वरून खाली वाहते, खालून वर चढत नाही. आजही ‘मी ती फाईल चेक केली’ किंवा हिंदीवरून आलेलं ‘माझी मदत कर’ हे शहरी बोलणं ‘येळ नाय’ इतकं हास्यास्पद ठरत नाही.

याच सातारच्या मातीतल्या दुसऱ्या माणसानं व्याकरणाकडे वेगळ्या बाजूनं पाहिलं. आगरकर चिपळूणकरांचे न्यू इंग्लिश स्कूलमधले सहकारी. सुधारक म्हणून त्यांचं नाव इतकं मोठं झालं की त्यांनी 1888 मध्ये ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचें पृथक्करण’ हे व्याकरणाचं पुस्तक लिहिलं होतं, हे फारसं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. सामाजिक विषयांवर वादळ उठवणाऱ्या लेखकाला वाक्याची चिरफाड करावीशी का वाटली असेल? मला तरी त्यात विसंगती दिसत नाही. वाक्यात कर्ता कोण, विधान कशाबद्दल, कोणतं उपवाक्य कशावर टेकलं आहे, हे विचारणं आणि रूढीला तिचं कारण विचारणं या एकाच सवयीच्या दोन शाखा आहेत. व्याकरणाचा असा उपयोग करणाऱ्याचं लक्ष बोलणाऱ्याच्या उच्चारावर रेंगाळत नाही, विधानावर जातं.

इंग्रजीतला अनुभवही फार निराळा नाही. रॉबर्ट लोथ या धर्मगुरूनं 1762 मध्ये इंग्रजीचं व्याकरण लिहिलं आणि त्यात शेक्सपिअर, मिल्टन यांच्याही चुका दाखवल्या. दोन नकार एकत्र आले की त्यांचा होकार होतो, हे गणित इंग्रजीवर लादण्यात त्याचा मोठा वाटा. त्याआधी शतकानुशतकं चॉसरपासून सगळे दुहेरी नकार बिनघोर वापरत होते आणि कुणाची फसगत झाल्याची नोंद नाही. 1969 मध्ये भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्हनं न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या काळ्या मुलांचं बोलणं तपासून दाखवलं की ज्या भाषेला तर्कहीन म्हटलं जातं तिच्यात तर्कही आहे आणि नियमही. तरी इंग्रजी नीट वापरणाऱ्यांच्या कपाळावर पहिली आठी पडते ती अशाच रूपांनी.

आता लेखनसंकेतांकडे. इथे शुद्धलेखनवाद्यांची बाजू बरीच भक्कम आहे आणि ती मान्य केली पाहिजे. लाखो माणसांनी एकच मजकूर वाचायचा तर शब्दाचं एक रूप ठरलेलं असणं सोयीचं असतं. कोश, कायदे, पाठ्यपुस्तकं यांना त्यावाचून गती नाही. वाईत बसून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी विश्वकोशाचं काम उभं केलं आणि 1976 मध्ये पहिला खंड आला. नोंदीनोंदीला लेखन बदललं असतं तर ते काम कोलमडलं असतं. फक्त सोय आणि पावित्र्य या दोन गोष्टींची गल्लत होऊ नये. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘नाहीं’, ‘पुढें’, ‘नांव’ असं अनुस्वार देऊन लिहिणं हे सुशिक्षिताचं लक्षण होतं आणि तो गाळणं हे अडाणीपणाचं. 1904 मध्ये टिळकांनी ‘केसरी’त लेखनपद्धतीवर लेखमाला लिहावी इतका हा विषय तापलेला होता. पुढे मराठी साहित्य महामंडळानं 1962 मध्ये 14 नियम केले, 1972 मध्ये त्यात 4 नियमांची भर पडली, आणि तेच अनुस्वार देणं ही चूक झाली. ‘कवि’ बरोबर होतं, ते ‘कवी’ झालं. ‘आणि’ मात्र ऱ्हस्वच राहिलं. एका ठरावानं कालचा शुद्ध लेखक आज अशुद्ध ठरतो, तेव्हा त्या शुद्धतेचं स्वरूप वाहतुकीच्या डाव्या बाजूसारखं असतं. ती पाळावी. ती मोडणाऱ्याला सुसंस्कृतपणाचं प्रमाणपत्र नाकारू नये.

इथे हमखास एक आक्षेप येतो: दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब, मग वेलांटीनं अर्थ बदलत नाही असं कसं म्हणता? बदलतो, कागदावर. पण ‘प्रजासत्ताक दीन’ असं लिहिलेला फलक वाचून कुणाला प्रजासत्ताक गरीब झाल्याची बातमी कळली, असं होत नाही. अशा जोड्या मोजक्या आहेत, त्यातल्या बहुतेक संस्कृतातून आलेल्या आहेत आणि एरवीच्या बोलण्यात मराठी माणूस ऱ्हस्व-दीर्घाचा भेद अर्थासाठी वापरतच नाही. शब्दातली जागा पाहून स्वर आपोआप आखूड किंवा लांब होतो. लिहिताना चुकतं ते यामुळे.

आणि ज्या वाक्यात एकही वेलांटी चुकलेली नाही ते कसं असतं, हेही पाहावं. ‘सदर प्रकरणी योग्य ती कार्यवाही करण्यात येईल, याची संबंधितांनी नोंद घ्यावी.’ शुद्धलेखन तपासणाऱ्याला इथे काहीच काम नाही. पण कार्यवाही कोण करणार? कोणती? केव्हा? संबंधित कोण? योग्य ते ठरवणार कोण? नोंद घ्यायची ती कशाची? आगरकरांच्या पृथक्करणाला हे वाक्य दिलं तर कर्त्याच्या रकान्यात काही भरता येणार नाही. व्याकरणकार ज्याला नवीन कर्मणी प्रयोग म्हणतात तो इंग्रजीच्या नमुन्यावर मराठीत आला आणि कचेऱ्यांना मानवला, कारण त्यात कर्ता लपवता येतो. आता शेजारी गावातला निरोप ठेवा: ‘उद्या सकाळी नवाला तलाठी येनार हाय, सातबारा घिऊन या.’ ‘ण’ चुकला, ‘आहे’ चुकलं, ‘घेऊन’ चुकलं. पण कोण येणार, केव्हा येणार, काय आणायचं, हे सगळं पोहोचलं. या दोन वाक्यांत कुठलं मराठी बिघडलेलं आहे? सहकारी संस्थांच्या वार्षिक सभांच्या नोटिसा, विम्याच्या अटी, पाणीपट्टीची पत्रकं यांत पहिल्या जातीची वाक्यं भरलेली असतात आणि सभासद ती न कळताच मान्य करतो. त्याला वाटतं, आपलंच मराठी कच्चं आहे. माझ्या मते भाषेच्या बाबतीत या भागात झालेलं सर्वांत मोठं नुकसान हे आहे, आणि शुद्धलेखनाच्या चळवळीनं त्याच्याकडे कधी गंभीरपणे पाहिलेलं नाही.

यावर कुणी विचारेल की मग प्रमाणभाषा शिकवायचीच नाही का? शिकवायचीच, आणि नेटानं शिकवायची. पोलीस भरतीला, स्पर्धा परीक्षांना मराठी व्याकरण हा विषय असतो आणि माण-खटाव, जत-आटपाडीसारख्या कोरडवाहू भागातल्या मुलांच्या पोटाचा तो प्रश्न आहे. त्यांना ‘तुमची बोलीच थोर’ असं सांगून प्रमाणभाषेपासून दूर ठेवणं हा दुष्टपणाच होईल, आणि असं सांगणाऱ्यांची स्वतःची मुलं बहुधा ती भाषा घरातच शिकलेली असतात. भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये साताऱ्याला वसतिगृह उघडलं, तेव्हा जातीजातींची मुलं एका पंक्तीला बसली. त्या मुलांना पुस्तकी मराठी हवी होती, तिच्या जोरावरच ती पुढे कचेऱ्यांत, कोर्टांत, विधिमंडळात गेली. मुद्दा शिकवावी की नको हा नाही. घरची भाषा चूक म्हणून पुसून त्या जागी ही लिहायची, की शेजारी आणखी एक भाषा म्हणून द्यायची, एवढाच आहे. पुसण्याचा परिणाम काय होतो ते गावोगावच्या फ्लेक्सवर छापलेलं दिसतं: ‘नम्र विणंती’. ‘न’ म्हटलं की हसतात एवढंच ज्याच्या मनावर बिंबलं, तो जिथे ‘न’ हवा तिथेही ‘ण’ पेरतो. ही चूक बोलीतून आलेली नाही. बोलीत तर ‘विनंती’चा ‘न’ जागेवरच होता. ती हसण्याच्या धाकातून आलेली आहे.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. प्रत्येक चुकीला बोली म्हणून अभय दिलं तर चूक उरणारच नाही, मग तुमची ती अर्थशून्य नोटीससुद्धा ‘कचेरीची बोली’ का नाही? याचं उत्तर असं की बोली ओळखायची कसोटी आहे. जे रूप गावातलं पाच वर्षांचं पोरही न शिकवता, दर वेळी, एकाच नियमानं वापरतं, ते त्या समाजाचं व्याकरण. जे लिहिणाऱ्याला पुन्हा वाचल्यावर स्वतःलाच खटकेल, ती चूक. कचेरीची नोटीस कुणाचीच मायबोली नसते. ती लिहिणारा कारकूनही घरी ‘जेवण वाढण्यात यावं’ असं म्हणत नाही. त्यामुळे तिला बोलीचं अभय मिळत नाही.

उरतो एक सौम्य वाटणारा आक्षेप: बोली कथा-कादंबऱ्यांत शोभते, विचारांच्या लेखनात नको. ही सवलत आपण फार उदारपणे देतो. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ 1955 मध्ये आली. त्यात माणदेशी धनगर आपल्या बोलीत बोलतात, पण कथा सांगतो तो शाळामास्तर प्रमाण मराठीत. महामंडळाच्या नियमांनीही पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायला मुभा ठेवली. म्हणजे अवतरणचिन्हांच्या आत बोली, बाहेर आपण. आनंद यादवांनी ‘गोतावळा’त (1971) शेतगड्याच्या बोलीतच सगळी कादंबरी सांगितली, तेव्हा ती चिन्हं गळून पडली आणि दिसलं की एकाकीपणासारखी गुंतागुंतीची गोष्टही त्या बोलीत सांगून होते. विचाराचं लेखन प्रमाणभाषेत व्हावं हे मलाही सोयीचं वाटतं. हा लेखही तसाच आहे. पण ती सोय आहे, बोलीच्या कुवतीचा निकाल नव्हे.

मग वर्गात काय करायचं? तासगाव किंवा दहिवडीच्या शाळेत मराठीच्या तासाला फळ्याच्या एका बाजूला ईस, इंचू, इचार, येळ, येडा लिहावं आणि दुसऱ्या बाजूला वाट, वारा, वर, वडील. मुलांना विचारावं की इकडे ‘व’ गेला आणि तिकडे का राहिला. स्वरांचा धागा कुणातरी मुलाच्या हाती लागतोच, आणि तो लागला की स्वर, व्यंजन, अपवाद हे पुस्तकातले शब्द त्याच्या जिभेवरच्या अनुभवाला चिकटतात. मग तिसऱ्या रकान्यात वीस, विंचू, विचार, वेळ, वेडा लिहून सांगावं की परीक्षेच्या कागदावर हे चालतं. उरलेल्या वेळात ‘करण्यात येईल’ असलेली एखादी खरी नोटीस आणावी, आणि तिच्यात कर्ता कुठे आहे ते मुलांना शोधायला लावावं.